कुलपाचा कायदा

७ जानेवारी २००३ या एकाच दिवशी दोन देशांत दोन गोष्टी घडल्या. ओस्लोच्या न्यायालयाने योन लेक योहानसेन या एकोणीस वर्षांच्या तरुणाची निर्दोष मुक्तता केली. १९९९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने काही साथीदारांबरोबर डीव्हीडीवरचे सांकेतिक कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्राम जगापुढे आणला होता. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्या काँग्रेसचे कामकाज सुरू झाले आणि व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य भागातून निवडून येणारे डेमोक्रॅट रिक बाउचर यांनी कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन जॉन डूलिटल यांना बरोबर घेऊन प्रतिनिधिगृहात १०७ क्रमांकाचे विधेयक मांडले. त्याचे नाव होते 'डिजिटल मीडिया कन्झ्युमर्स राइट्स ॲक्ट'. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण प्रश्न एकच होता. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे कुलूप तिच्या मालकाने उघडले आणि कोणाचाही कॉपीराइट भंगला नाही, तर गुन्हा कसला? ओस्लोने सांगितले, कसलाच नाही. वॉशिंग्टनने उत्तर देण्याचे टाळले आणि ते अजूनही टाळतेच आहे. या टाळाटाळीचा इतिहास पाहताना माझे म्हणणे असे आहे की, १९९८ च्या अमेरिकी कायद्याने वाचक-प्रेक्षकांचा एकही हक्क कागदोपत्री काढून घेतला नाही. हक्क बजावण्याची वाट तेवढी बुजवली. ती मोकळी करण्याचा बाउचर यांचा उपाय साधा होता: कुलूप उघडले की नाही एवढेच पाहू नका, उघडून काय केले ते पाहा. अमेरिकेत तो अव्यवहार्य ठरवला गेला. पुढे एका दुसऱ्या देशाने तोच विचार कायद्यात घातला, आणि तो देश आपला आहे.

विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याची हुकमत किती काळ चालावी, हा वाद डिजिटल जमान्याच्या कितीतरी आधीचा. १९०४ साली अमेरिकेतल्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली आणि कॉपीराइटच्या ओळीखालीच एक सूचना छापली: किरकोळ किंमत एक डॉलर, त्याहून कमी किमतीला विकण्याची परवानगी कोणाही दुकानदाराला नाही, आणि तशी विक्री झाल्यास ती कॉपीराइटचा भंग समजली जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकायला काढली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०८ साली निकाल लागला की प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर कॉपीराइटधारकाचा ताबा राहत नाही. रद्दीची दुकाने, ग्रंथालये, मित्राला दिलेले आणि कधीच परत न आलेले पुस्तक, हे सगळे या तत्त्वावर उभे आहे. दुसरे तत्त्व त्याहून जुने. १८४१ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांच्या संग्रहावरून झालेल्या दाव्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी उसनवारी कुठवर रास्त आणि कुठून चोरी, याची कसोटी मांडली. १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात ती 'रास्त वापर' म्हणून १०७ व्या कलमात आली. टीका, वार्तांकन, अध्यापन, संशोधन ही तिची उदाहरणे. वापराचा हेतू, कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावर होणारा परिणाम हे तिचे चार निकष. ही यादी मुद्दाम अपुरी ठेवलेली आहे. नवे यंत्र आले, लोकांनी ते वापरले, कोणी दावा लावला की न्यायालयाने ठरवायचे, अशी तिची रीत. म्हणजे आधी वापर होतो आणि मग न्याय. ही क्रमवारी महत्त्वाची आहे, कारण पुढे नेमकी तीच उलटली.

ही रीत सर्वांत ठळकपणे दिसली ती बेटामॅक्सच्या खटल्यात. सोनीने हा व्हिडिओ रेकॉर्डर १९७५ साली अमेरिकेत विकायला आणला आणि दुसऱ्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात दावा ठोकला. त्यांचा रोख रेकॉर्डिंग करणाऱ्या घरच्या प्रेक्षकापेक्षा यंत्र बनवणाऱ्यावर होता. १९७९ साली सोनी जिंकली, १९८१ साली अपिलात हरली. सर्वोच्च न्यायालयाने युक्तिवाद दोनदा ऐकले. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निकाल दिला. पुरावा असा होता की बहुतेक लोक संध्याकाळचा कार्यक्रम टेप करत, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पाहत आणि त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घेत. मुलांच्या कार्यक्रमांसाठी अमेरिकेत घरोघरी ठाऊक असलेले फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती की घरच्यांनी सवडीने पाहावे म्हणून आपला कार्यक्रम टेप केला तर आपली हरकत नाही. न्यायालयाने अशा रेकॉर्डिंगला रास्त वापर म्हटले. त्याहून दूरगामी म्हणजे, ज्या यंत्राचा कायदेशीर वापर लक्षणीय प्रमाणात होऊ शकतो ते बनवणाऱ्याला इतरांच्या गैरवापरासाठी जबाबदार धरता येणार नाही, असे तत्त्व घालून दिले. दावा चालू असतानाच, १९८२ साली, चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी काँग्रेसपुढे या यंत्राची तुलना एकट्या बाईच्या घरात शिरणाऱ्या बॉस्टनच्या कुप्रसिद्ध गळेदाबू खुन्याशी केली होती. त्यानंतर काही वर्षांतच कॅसेटची विक्री आणि भाडे हे हॉलिवुडचे मोठे उत्पन्न होऊन बसले. व्हॅलेंटी यांचे भाकीत चुकले म्हणून त्यांची पुढची सगळी भाकिते चुकीचीच, असे तर्कशास्त्र सांगत नाही. पण तोटा होईल असे सांगणाऱ्याकडे पुरावा मागण्याचा हक्क यातून नक्की मिळतो.

डिजिटल प्रतींच्या बाबतीत चित्रपट आणि संगीत उद्योगाने वेगळा धडा घेतला: लोकांच्या हाती यंत्र पोचल्यावर न्यायालयात जाण्यात अर्थ नाही, ते पोचण्याआधीच त्याला कुलूप हवे आणि कुलपाला कायदा हवा. १९९२ च्या डिजिटल ऑडिओ टेपच्या कायद्यात याची रंगीत तालीम झाली. त्यात रेकॉर्डरमध्ये प्रतीची प्रत रोखणारी व्यवस्था सक्तीची केली. त्या बदल्यात घरगुती, बिनधंद्याच्या रेकॉर्डिंगवर दावा न करण्याची हमी मिळाली. निदान तिथे देवाणघेवाण होती. १९९५ साली पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाचे प्रमुख ब्रूस लेहमन यांच्या कार्यगटाने श्वेतपत्रिका काढली आणि कुलूप उघडणाऱ्या साधनांवर सरसकट बंदी सुचवली. काँग्रेसमध्ये ती सूचना अडली, तेव्हा लेहमन ती जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत घेऊन गेले. २० डिसेंबर १९९६ च्या कॉपीराइट करारात तिचे रूप बरेच मवाळ झाले. करार करणाऱ्या देशांनी तांत्रिक संरक्षणाला पुरेसा कायदेशीर आधार द्यावा, एवढेच ११ व्या अनुच्छेदात राहिले, आणि तेही कायद्याने परवानगी नसलेल्या कृतींच्या संदर्भात. बाउचर यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रतिनिधिगृहातले सहकारी टॉम कॅम्पबेल यांच्यासह एक विधेयक आणले होते. कॉपीराइटचा भंग करण्यासाठी कुलूप तोडले तरच शिक्षा, असा त्याचा गाभा होता. कराराला ते पुरले असते. पण मे १९९८ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध शून्य मतांनी दुसरेच विधेयक मंजूर केले आणि २८ ऑक्टोबरला बिल क्लिंटन यांची सही होऊन 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट' अस्तित्वात आला. त्याच्या १२०१ व्या कलमाने कृतीपर्यंत पोचण्याच्या वाटेवरचे कुलूप उघडणे निषिद्ध केले, आणि ते उघडणारे साधन बनवणे, विकणे, पुरवणे हेही. पैशाच्या लोभाने आणि जाणूनबुजून केले तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. त्याच कलमात एक दिलासा देणारे वाक्यही आहे, की या तरतुदींचा रास्त वापराच्या बचावावर परिणाम होणार नाही.

या दिलाशाची किंमत काय, ते डीव्हीडीने दाखवले. डीव्हीडीतला मजकूर चाळीस बिटांच्या किल्लीने सांकेतिक केलेला असे आणि ती किल्ली मिळे परवाना घेतलेल्या प्लेअर-उत्पादकांनाच. परवान्याबरोबर अटी येत. जग प्रदेशांत वाटलेले होते; अमेरिका पहिल्या प्रदेशात, भारत पाचव्या. न्यू जर्सीत घेतलेली हॉलिवुडची पहिल्या प्रदेशाची डीव्हीडी पुण्याच्या घरातल्या पाचव्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालत नसे. तबकडी अस्सल, पैसे भरलेले, पावती हातात, आणि पडद्यावर नुसती सूचना. तबकडी लावली की आधी कायद्याच्या इशाऱ्याची पाटी येई, कधी तिच्यामागून जाहिराती. त्या वेळात पुढे सरकवण्याचे बटण दाबले तर प्लेअर ते मानत नसे, कारण बटण कधी चालू द्यायचे आणि कधी नाही हे तबकडीच सांगे आणि परवानाधारक प्लेअरला ते ऐकावे लागे. जाहिरात पाहण्याची सक्ती कोणत्याही देशाच्या कॉपीराइट कायद्यात नाही. चित्रपट पाचव्या प्रदेशात पाहू नये असेही कोणत्या विधिमंडळाने ठरवलेले नाही. हे नियम खासगी करारांनी केले आणि १२०१ व्या कलमाने त्यांच्यामागे तुरुंग उभा केला. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना तर परवानाधारक प्लेअरच नव्हता; योहानसेन आणि त्याच्या साथीदारांचा डीसीएसएस हा प्रोग्राम त्या वर्तुळात फिरू लागला तो याच पार्श्वभूमीवर.

न्यूयॉर्कच्या '२६००' या हॅकरांच्या नियतकालिकाने तो प्रोग्राम आपल्या संकेतस्थळावर दिला. चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १७ ऑगस्ट २००० रोजी न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी मनाई कायम केली. त्यांचा तर्क कायद्याच्या शब्दांत चपखल बसणारा होता. रास्त वापर हा कॉपीराइटभंगाच्या आरोपावरचा बचाव. प्रतिवादींवर कॉपीराइटभंगाचा आरोपच नाही. आरोप आहे साधन पुरवल्याचा. त्या आरोपाला हा बचाव लागू पडत नाही. दिलासा देणारे ते वाक्य असे एका फटक्यात निरुपयोगी झाले: हक्क शाबूत आहे, पण तो ज्या खटल्यात वापरायचा तो खटला कोणी भरणारच नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला आणि वर सांगितले की रास्त वापर सर्वांत सोयीच्या पद्धतीने किंवा मूळच्याच दर्जात करता येईल अशी हमी कोणी दिलेली नाही; चित्रपट पडद्यावर चालू असताना समोर कॅमेरा धरून त्यातला तुकडा घेता येतोच. हे न्यायालयीन वाक्य पुढे खरोखरीचे शिक्षण झाले. वर्गात दाखवायला चित्रपटांतले तुकडे हवेत म्हणून प्राध्यापकांनी सवलत मागितली, तेव्हा २००९ च्या सुनावणीत निर्मात्यांच्या संघटनेने एक चित्रफीत दाखवली. दिवाणखान्यातल्या सपाट टीव्हीसमोर कॅमेरा लावून चित्रपट कसा टिपावा, याचे ते प्रात्यक्षिक होते. चित्रपटगृहात कॅमेरा नेणाऱ्याला तुरुंगात घाला म्हणणाऱ्या संघटनेने शिक्षकांना हा मार्ग सुचवावा, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. नॉर्वेत मात्र कुलपाचा असा कायदा तेव्हा नव्हता. न्यायालयाने तिथे एवढेच पाहिले की योहानसेनने डीव्हीडी रीतसर घेतल्या होत्या आणि बेकायदा प्रतींशी त्याचा संबंध सिद्ध झाला नव्हता. डिसेंबर २००३ मध्ये अपिलातही तो सुटला.

कुलपाच्या कायद्याचा पहिला मोठा तडाखा चोरट्या प्रतींचा धंदा करणाऱ्यांना बसायला हवा होता. प्रत्यक्षात बातम्यांत आलेली माणसे वेगळीच होती. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी संगीत उद्योगाच्याच जाहीर आव्हानानुसार ध्वनिफितींतल्या जलचिन्हांची कमजोरी शोधली. एप्रिल २००१ मध्ये त्यांना कायद्याची आठवण करून देणारे पत्र आले आणि पिट्सबर्गच्या परिषदेतून त्यांनी निबंध मागे घेतला. तो वाचला गेला ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी १६ जुलैला मॉस्कोच्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीचा प्रोग्रामर दिमित्री स्कल्यारोव्ह याला लास वेगासमध्ये परिषदेतल्या भाषणानंतर पकडले. अडोबीच्या ई-पुस्तकांचे कुलूप काढणाऱ्या प्रोग्रामवर त्याने काम केले होते. खुद्द अडोबीने आठवड्याभरात माघार घेतली, तरी तो तीन आठवडे कोठडीत राहिला. पुढे त्याच्यावरचा आरोप सोडून कंपनीवर खटला चालवला गेला आणि डिसेंबर २००२ मध्ये सॅन होजेच्या ज्यूरीने कंपनीलाही निर्दोष ठरवले. ज्या ई-पुस्तकांसाठी हा खटाटोप झाला त्यांतली बंधने पाहिली की वादाचे स्वरूप कळते. त्याच सुमारास 'ॲलिस इन वंडरलँड'च्या एका ई-आवृत्तीच्या परवानगीच्या यादीत हे पुस्तक मोठ्याने वाचता येणार नाही असे नमूद होते. कंपनीचा खुलासा होता की सूचना संगणकाच्या वाचून दाखवण्याच्या सोयीपुरती आहे. मान्य, पण ल्युइस कॅरोलच्या त्या पुस्तकाचा कॉपीराइट केव्हाच संपलेला होता आणि वाचून दाखवण्याच्या सोयीची खरी गरज अंध वाचकाला असते. छापखान्यातून आलेल्या कोणत्याही पुस्तकाने असा हुकूम सोडला नव्हता. २००३ साली तर प्रिन्स्टनचा विद्यार्थी ॲलेक्स हॉल्डरमन याने दाखवले की सीडी घालताना कीबोर्डवरची शिफ्ट की दाबून धरली की एका कंपनीचे कुलूप लागतच नाही. कंपनीने आधी एक कोटी डॉलरच्या दाव्याची भाषा केली आणि लोक हसू लागल्यावर तो विचार सोडला. प्रिंटर बनवणाऱ्या लेक्समार्कने टोनरच्या डब्यातल्या चिपसाठी हेच कलम वापरून पाहिले, एका कंपनीने गॅरेजचे दार उघडणाऱ्या रिमोटसाठी. २००४ मध्ये अपील न्यायालयांनी दोघांनाही नकार दिला, पण तोवर स्पर्धकांची वर्षे वकिलांकडे खर्च झाली होती.

बाउचर यांचे विधेयक या पार्श्वभूमीवर आले. त्यात म्हटले होते की कुलूप उघडल्याने कॉपीराइटचा भंग होत नसेल तर ते उघडणे हा या कलमाचा भंग नाही. आणि ज्या साधनाचा लक्षणीय रास्त वापर शक्य आहे ते बनवणे व पुरवणे बेकायदा नाही. दुसरा भाग म्हणजे बेटामॅक्सचेच तत्त्व होते. शिवाय संशोधकांना मोकळीक, आणि कुलूपबंद सीडींवर ठळक खूण, म्हणजे आपण काय विकत घेतो आहोत ते ग्राहकाला दुकानातच कळावे. १२ मे २००४ रोजी प्रतिनिधिगृहाच्या व्यापार उपसमितीपुढे सुनावणी झाली. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग विधेयकाच्या बाजूने होते. डीव्हीडीची राखीव प्रत काढू देणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ३२१ स्टुडिओज या कंपनीचे रॉबर्ट मूरही होते. त्यांच्याविरुद्ध त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने निकाल दिला होता आणि ऑगस्टमध्ये कंपनीला टाळे लागले. विरोधात होते जॅक व्हॅलेंटी, बेटामॅक्सनंतर वीस वर्षांनी, त्याच पदावर. त्यांचा मुद्दा होता की साधन एकदा बाजारात आले की ते सज्जनाच्या हाती आहे की चोराच्या, हे ओळखायची सोय नाही. विधेयक हॅकिंग कायदेशीर करील.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम आक्षेप आहे, आणि गाणी आपसांत फुकट वाटू देणाऱ्या नॅपस्टरने १९९९ पासून संगीत उद्योगाची जी दाणादाण उडवली होती तिच्या आठवणी ताज्या होत्या. पण त्याचे बळ एका गृहीतावर उभे आहे: कुलूप आणि बंदी मिळून चोराला थोपवतात. डिजिटल प्रतीच्या बाबतीत हे होत नाही. हजार घरांना कुलपे असली तर चोराला हजार घरे फोडावी लागतात. चित्रपटाचे कुलूप मात्र जगात एकाने एकदा उघडले की पुढच्या लाखो लोकांना काही उघडावेच लागत नाही, त्यांना आयती प्रत मिळते. बंदीचा भार पडतो तो ज्याने रीतसर विकत घेतले आणि ज्याला चोरटी प्रत नको आहे त्याच्यावर. आणि चोरटी प्रत करणे, विकणे, वाटणे हे १२०१ व्या कलमाआधीही बेकायदा होतेच, दंडही जबर होते. बाउचर यांनी त्यातल्या एकाही तरतुदीला हात लावला नव्हता. अनुभवही त्याच दिशेचा आहे. ॲपलने २००३ च्या एप्रिलमध्ये गाण्यांचे दुकान उघडले ते कुलपासह. जानेवारी २००९ मध्ये चारही मोठ्या कंपन्यांनी तिथल्या गाण्यांवरचे कुलूप काढायला संमती दिली. संगीत व्यवसायाची घसरण कुलपांच्या काळात थांबली नव्हती, आणि पुढे तो सावरला तो स्ट्रीमिंगने. स्ट्रीमिंगमध्ये कुलूप आहे हे खरे. पण लोक तिकडे वळले ते चोरी अवघड झाली म्हणून कमी आणि पैसे देऊन ऐकणे सोपे झाले म्हणून जास्त, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. रास्त वापर हा मुळात हक्क नाही, बचाव आहे. आणि ग्राहक अटी मान्य करूनच वस्तू घेतो. बचाव म्हणा वा हक्क, १९८४ साली लाखो अमेरिकी घरांतले रेकॉर्डर त्याच्याच जोरावर कायदेशीर राहिले. अटींविषयी म्हणाल तर बॉब्ज-मेरिलनेही अट छापलीच होती, तीही ठसठशीत. कुलूपबंद सीडीवर तेवढेही नसे, म्हणून तर विधेयकात खुणेची तरतूद होती. ती किती आवश्यक होती ते ३१ ऑक्टोबर २००५ रोजी कळले. सोनी बीएमजीच्या पन्नासहून अधिक अल्बमांच्या सीडी संगणकात घातल्या की स्वतःला लपवणारे एक सॉफ्टवेअर गुपचूप बसवतात आणि त्या आडोशाने इतरांचे घातक प्रोग्रामही लपू शकतात, हे सॉफ्टवेअर-तज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी उघड केले. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. फेल्टन आणि हॉल्डरमन यांना या सीडींतला दोष सुमारे महिनाभर आधी सापडला होता. पण कुलपाच्या कायद्याखाली आपण अडकू का, हे वकिलांना विचारण्यात त्यांचा तो काळ गेला. तेवढे दिवस लोक विकत घेतलेली गाणी लावून आपला संगणक उघडा टाकत राहिले. व्हॅलेंटी यांना या विधेयकात जो धोका दिसत होता त्यापेक्षा हा धोका प्रत्यक्ष होता.

तिसरा आक्षेप असा की कायद्यातच झडप ठेवलेली आहे: दर तीन वर्षांनी काँग्रेसचे ग्रंथपाल सुनावणी घेऊन सवलती जाहीर करतात. खरे आहे. २००० साली दोन, २००३ साली चार, २००६ साली सहा असे वर्ग झाले. त्यांत वाचून दाखवण्याची सोय बंद केलेली ई-पुस्तके आली, दुसऱ्या कंपनीच्या सेवेसाठी मोबाइल मोकळा करणे आले, २०१५ मध्ये ट्रॅक्टरची दुरुस्तीही आली. पण सवलत तीन वर्षांपुरती. पुढच्या वेळी पुन्हा मागायची. २०१२ मध्ये नव्या मोबाइलची सवलत काढून घेतली गेली, तेव्हा लोकक्षोभानंतर २०१४ मध्ये काँग्रेसला खास कायदा करून ती परत द्यावी लागली. त्याहून मोठी खोट म्हणजे सवलत उघडण्याच्या कृतीला आहे, उघडणाऱ्या साधनाला नाही. अंध वाचकाने कुलूप उघडावे, पण त्याला ते उघडून देणारा प्रोग्राम कोणी विकू नये. प्रत्येक अंध वाचक प्रोग्रामर असेल, असे गृहीत धरलेले दिसते. २०२४ च्या फेरीत दुकानांतल्या खाद्ययंत्रांची कुलपे दुरुस्तीसाठी उघडायला परवानगी मिळाली, त्यांत मऊ आइस्क्रीमची यंत्रेही आली. आइस्क्रीमच्या यंत्राची दुरुस्ती कॉपीराइट कार्यालयाच्या दारी जाऊन पोचते, यापेक्षा त्या कलमाच्या व्याप्तीवर कडक टीका करणे मला जमणार नाही.

विधेयक २००५ मध्ये पुन्हा आले, मुद्दाम १२०१ हाच क्रमांक घेऊन; ऊर्जा आणि वाणिज्य समितीचे अध्यक्ष जो बार्टन या वेळी बाजूने होते. २००७ मध्ये पातळ रूपात पुन्हा आले. कॉपीराइट हा न्याय समितीचा प्रांत आणि तिथे ते पुढे सरकले नाही. २०१० च्या निवडणुकीत बाउचर हरले. शेवटपर्यंत सांगितले गेलेले एक कारण असे की हेतू किंवा परिणाम पाहणारा कायदा जिनिव्हा कराराच्या अटींत बसणार नाही.

त्याचे उत्तर दिल्लीतून आले, कोणाला उत्तर द्यायचे म्हणून नव्हे. भारताने १९९६ च्या करारावर सही केलेली नव्हती, त्यामुळे घाई नव्हती आणि अमेरिकेचे चौदा वर्षांचे अनुभव समोर होते. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली, ती २१ जूनपासून लागू झाली. तिने आणलेले ६५-अ हे कलम सांगते की कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेले परिणामकारक तांत्रिक कुलूप, त्या हक्कांचा भंग करण्याच्या इराद्याने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होईल. पुढचे पोटकलम सांगते की कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूसाठी ते उघडले तर हरकत नाही. सांकेतिक भाषेचे संशोधन आणि सुरक्षेची चाचणी यांचा वेगळा उल्लेख आहे. साधने बनवण्यावर सरसकट बंदी नाही. म्हणजे १९९७ साली बाउचर आणि कॅम्पबेल जे मागत होते, जवळपास तेच. त्याच दुरुस्तीने ५२ व्या कलमात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे वाचनयोग्य रूपांतर करण्याची मुभा आली. त्याआधी पुण्यातल्या एखाद्या अंध विद्यार्थ्यासाठी मराठी क्रमिक पुस्तक स्कॅन करून संगणकाकडून वाचून घ्यायचे तर प्रकाशकाची परवानगी मागावी लागे. आता ई-पुस्तकाला कुलूप असले तरी या मुभेसाठी ते उघडणारा गुन्हेगार ठरत नाही, कारण त्याचा इरादा भंगाचा नाही. दोन तरतुदी अशा एकमेकींना धरून आहेत. अमेरिकेत तीच गाठ सुटलेली होती. जून २०१४ मध्ये अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला.

भारतीय कलमही निर्दोष नाही. दुसऱ्यासाठी कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अट त्यात आहे. अंधांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थेने वाचकाचे असे खाते ठेवणे म्हणजे कोण काय वाचतो याची वही तयार करणे. आणि सॉफ्टवेअर हजारोंना दिले जाते तिथे ही नोंद ठेवायची कशी, हे कायदा सांगत नाही. व्हॅलेंटींच्या आक्षेपाला दिलेली ही अर्धीमुर्धी सवलत दिसते. ती काढून टाकली तर कलम अधिक सुटसुटीत होईल. पण मुख्य मुद्दा तिने झाकला जात नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भारताने जिनिव्हा करारात सामील होण्याची कागदपत्रे दाखल केली आणि डिसेंबरपासून करार लागू झाला. त्यासाठी ६५-अ मधला इराद्याचा निकष बदलावा लागला नाही; तो जसाच्या तसा आजही कायद्यात आहे, आणि साधनांवर बंदी नसल्याबद्दल अमेरिकी उद्योगांची तक्रारही तशीच आहे.